तीन संत्र्यांचं पोटॅशियम

सौंसरच्या बागेतली तीन मध्यम आकाराची संत्री सोलून खाल्ली, तर पोटात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम जातं. माणसाच्या अंगात जे रक्त फिरतं, त्यातला लाल पेशी वगळून उरलेला पातळ भाग तीनेक लिटर भरतो. त्या सगळ्या तीन लिटरांत मिळून पोटॅशियम किती असतं? तेही अर्धा ग्रॅमच.

आणि तोडणीच्या दिवसांत बागेत गेलेला माणूस तीन संत्र्यांवर थांबत नाही. गप्पा मारता मारता डझनभर सहज होतात. म्हणजे दोन ग्रॅम पोटॅशियम. रक्त धरून पेशींच्या बाहेर जेवढं पाणी शरीरात आहे, त्या सगळ्यात मिळून ते फार तर सव्वादोन ग्रॅम असतं. डझनभर संत्र्यांमुळे हा साठा जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियमसमोर 3.5 ते 5 असा आकडा असतो, तो आठाच्या आसपास जायला हवा. सातच्या पुढे गेलेलं पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवतं, कधी थांबवतंही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मृत्युदंड देताना शिरेतून जे शेवटचं औषध सोडतात, ते पोटॅशियम क्लोराइडच असतं. हिशेबाप्रमाणे आपला संत्रेखाऊ बागेतच कोसळायला हवा.

तो कोसळत नाही. ढेकर देतो, साली झाडाच्या आळ्यात टाकतो आणि पुढच्या झाडाकडे वळतो. तासाभरानं त्याचं रक्त तपासलं, तर पोटॅशियमचा आकडा दशांशाच्या घरात इकडेतिकडे झालेला दिसेल, एवढंच. इतक्या मोठ्या गोष्टीचा त्या माणसाला पत्ताही नसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेशाचं, पण घरची बोली मराठी, सण पोळा, आणि आजारपण हाताबाहेर गेलं की गाडी निघते ती नागपूरकडे. शरीरातल्या क्षारांचं गणित समजून घ्यायला हा मुलूख फार सोयीचा. थंडीत संत्र्यांतून येणारं पोटॅशियम, मे महिन्यात घामावाटे जाणारं मीठ आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत सांडणारं रक्त, अशी क्षारांवरची तिन्ही संकटं इथे ठरल्या वेळी येतात. तिन्हींतून माणूस निभावतो तो काही संप्रेरकांच्या जोरावर. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन. एका ग्रंथीनं रक्तात सोडलेला आणि दूरच्या अवयवानं ऐकलेला निरोप.

संत्रं खाल्ल्यावर पहिली धाव इन्शुलिनची. त्याला आपण फक्त साखरेशी जोडतो, पण रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत ढकलण्याचं कामही तेच करतं. त्यासाठी प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप बसवलेला आहे. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, अखंड, जन्मभर. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना तो खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. त्याबद्दलचं नोबेल मिळायला मात्र 1997 उजाडलं. आपल्या अंगात एकूण 140 ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि त्यातलं 98 टक्के या पंपांनी पेशींच्या आत कोंडलेलं असतं. त्या साठ्यात दोन ग्रॅमची भर पडली तर ती जाणवतसुद्धा नाही.

पण हा तात्पुरता इलाज आहे. इन्शुलिन पोटॅशियम दडवतं, बाहेर टाकत नाही. रोजच्या रोज जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, आणि ते काम मूत्रपिंडाचं.

मूत्रपिंडाला आपण चाळणी म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. दीडेकशे ग्रॅमचे हे दोन अवयव दर मिनिटाला लिटरभर रक्त आपल्यातून फिरवतात. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे टोकाशी केशवाहिन्यांचा गुंता असलेल्या बारीक नळ्या. या गुंत्यांतून दिवसाला 180 लिटर पाणी गाळून नळ्यांत उतरतं. रक्ताचा पातळ भाग तीनच लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. त्या पाण्याबरोबर मीठ किती उतरतं? जवळपास दीड किलो. आपण खातो दहाएक ग्रॅम, आणि दीड किलो मीठ रोज मूत्रपिंडात शरीराबाहेर जाण्याच्या वाटेवर येऊन पडतं. लघवी मात्र होते दीड लिटर आणि त्यात मीठ जेवढं खाल्लं जवळपास तेवढंच. बाकी सगळं नळ्यांनी परत उचललेलं असतं.

दिवाळीच्या आधी काही घरांत सगळं सामान अंगणात काढतात आणि मग हवं तेवढंच आत नेतात. मूत्रपिंडाची रीत तीच आहे. पहिल्यांदा ही पद्धत वेडगळ वाटते. नको ते निवडून टाकायचं सोडून सगळंच बाहेर का काढायचं? पण यात मोठं शहाणपण आहे. टाकायच्या वस्तूंची यादी कधी पुरी होत नाही. उद्या पोटात कुठला नवा पाला, कुठलं नवं औषध जाईल हे मूत्रपिंडाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही. त्याला फक्त ठेवायच्या वस्तू ओळखता आल्या की झालं.

गाळलेल्या मिठातला साठ-पासष्ट टक्के भाग नळीच्या पहिल्याच वळणावर परत घेतला जातो, पंचवीसेक टक्के पुढच्या लांब आकड्यासारख्या भागात, थोडा त्याच्याही पुढे. इथपर्यंतचं काम बरंचसं ठरलेलं. खरा निर्णय होतो तो नळीच्या शेवटी, उरलेल्या दोन-तीन टक्क्यांवर. दोन-तीन टक्के म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम मीठ, माणूस दिवसभरात खातो त्याच्या तीन-चार पट. ते ठेवायचं की सोडायचं, आणि त्याच ठिकाणी पोटॅशियम किती बाहेर टाकायचं, हे अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं.

हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होत नाही. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, तिच्या अगदी बाहेरच्या पातळ थरात ते बनतं. दिवसाला किती? मिलिग्रॅमचा दहावा भाग, फार तर थोडं जास्त. सत्तर वर्षांच्या आयुष्यातलं सगळं अल्डोस्टेरॉन एकत्र केलं तरी चहाचा चमचा भरणार नाही. इतकं कमी असल्यामुळेच ते शोधणाऱ्यांना फार काळ चकवत राहिलं. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या दोघांनी उंदरांच्या लघवीतलं सोडियम-पोटॅशियम मोजून त्याचा माग काढला, आणि 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या रसायनशास्त्रज्ञांच्या साथीनं त्याचे शुद्ध स्फटिक हाती आले. त्यासाठी गुरांच्या शेकडो किलो अधिवृक्क ग्रंथी लागल्या आणि हाती आले ते वीसेक मिलिग्रॅम. क्षारांशी, म्हणजे इलेक्ट्रोलाइटशी असलेलं नातं पाहून त्यांनी आधी त्याला इलेक्ट्रोकॉर्टिन म्हटलं होतं. पुढे सिम्पसन आणि टेट यांनी लग्न केलं.

संत्र्याचं पोटॅशियम रक्तात किंचित वाढलं की अधिवृक्क ग्रंथीच्या त्या थराला ते थेट कळतं. मेंदूला विचारायची गरज पडत नाही. ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते. ते मूत्रपिंडाच्या नळीच्या शेवटच्या पेशींत शिरतं, पेशीच्या आतल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं, त्याच्यासह केंद्रकात जातं आणि काही जनुकं चालू करतं. मग नवी प्रथिनं बनतात, सोडियम आत घेणारे मार्ग वाढतात, पंप वाढतात, आणि सोडियम आत येतं तसं पोटॅशियम लघवीत उतरतं. याला तासभर किंवा अधिक लागतो. तोपर्यंत इन्शुलिननं किल्ला लढवलेला असतो.

इथे एक पेच आहे. तणावाच्या काळात वाढणारं कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक त्याच ग्राहक-प्रथिनाला तितक्याच घट्ट चिकटू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा शेकडो पट जास्त असतं. मग मूत्रपिंडाला अल्डोस्टेरॉनचा निरोप ऐकू तरी कसा यावा? 1988 मध्ये मेलबर्न आणि एडिंबरा इथल्या दोन गटांनी याचं उत्तर दिलं. त्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. कॉर्टिसॉल आत आलं की ते त्याचं रूप बदलून निकामी करतं. अल्डोस्टेरॉनच्या रेणूची घडण अशी की हे विकर त्याला हात लावू शकत नाही. गर्दी दारातच संपते आणि एकट्याचा आवाज आत पोचतो.

हे विकर बंद पाडणारी वस्तू आपल्या घरातल्या डब्यात असते. घसा बसला की चघळायचं ज्येष्ठमध, पांढुर्ण्याच्या दुकानात जिला मुलेठी म्हणून मागतात. तिच्यातल्या गोडव्याचं मूळ असलेलं ग्लिसिऱ्हायझिन हे विकर रोखतं. एखादा दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे भरपूर ज्येष्ठमध खाणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं, अंगात मीठपाणी साठतं, रक्तदाब चढतो. रक्तात अल्डोस्टेरॉन तपासावं तर ते उलट कमीच सापडतं. कॉर्टिसॉलच त्याच्या जागी बसलेलं असतं.

आता त्याच संत्रेखाऊ माणसाला मे महिन्यात गाठू. बाग तीच, पण झाडावर पिकलेलं फळ नाही आणि ऊन असं की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. हा आळी खणतो आहे. अशा कामात तासाला लिटरभर घाम जातो, आणि उन्हाची सवय नसलेल्याच्या लिटरभर घामात तीनेक ग्रॅम मीठ असू शकतं. आता शरीराला सोडियम वाचवायचं आहे. ते वाचवायलाही अल्डोस्टेरॉनच येतं.

म्हणजे डिसेंबरमध्ये पोटॅशियम फेकायला अल्डोस्टेरॉन, आणि मे महिन्यात सोडियम राखायला अल्डोस्टेरॉन. मग मे महिन्यात पोटॅशियम विनाकारण का वाहून जात नाही? आणि डिसेंबरमध्ये मीठ साठून अंगाला सूज का येत नाही? शरीरशास्त्रात याला अल्डोस्टेरॉनचं कोडंच म्हणतात, आणि ते अलीकडे कुठे उलगडू लागलं. मला तरी मूत्रपिंडाच्या सगळ्या कहाणीत याहून सुंदर काही दिसत नाही.

उत्तर असं. उन्हात पाणी-मीठ आटलं की अल्डोस्टेरॉन एकटं येत नाही. त्याच्याबरोबर अँजिओटेन्सिन नावाचं दुसरं संप्रेरक असतं. ते नळीच्या शेवटाच्या अलीकडचा भाग जागा करतं आणि तिथेच सोडियम क्लोराइडसकट उचललं जातं. शेवटच्या टप्प्यापर्यंत सोडियम फारसं पोचतच नाही, आणि तिथे सोडियम आत आलं नाही तर पोटॅशियमही बाहेर जात नाही. मीठ राखलं जातं, पोटॅशियमला धक्का लागत नाही. संत्री खाल्ल्यावर मात्र अँजिओटेन्सिन हजर नसतं. उलट रक्तातलं वाढलेलं पोटॅशियमच त्या अलीकडच्या भागाला मंद करतं. मग सोडियम भरपूर प्रमाणात शेवटपर्यंत वाहत येतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. या अलीकडच्या भागाची हालचाल ठरवणारी डब्ल्यूएनके नावाची प्रथिनं अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांच्या गटानं 2001 मध्ये या गोष्टीशी जोडली. तीसुद्धा एका दुर्मीळ आजाराच्या कुटुंबांतून, ज्यांच्यात रक्तदाब आणि पोटॅशियम दोन्ही चढतात. निरोप एकच, पण बरोबर कोण आलं आहे यावर अर्थ बदलतो.

मे महिन्याची आणखी एक करामत. पहिल्या उन्हात काम करणाऱ्याचा शर्ट वाळला की पाठीवर पांढरे डाग उमटतात. आठ-पंधरा दिवस त्याच उन्हात काढले की डाग कमी होतात. घाम तेवढाच, किंबहुना जास्तच येतो, पण तो अळणी होतो. कारण अल्डोस्टेरॉनचं म्हणणं घर्मग्रंथीही ऐकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना दमट उष्णतेत टिकाव कसा धरता येईल याचा अभ्यास करताना मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी घाम अळणी होताना पाहिला आणि त्यामागे अधिवृक्क ग्रंथी असणार असं ओळखलं. पुढे 1954 मध्ये त्यांच्याकडे चौतीस वर्षांची एक बाई आली. स्नायू लुळे पडायचे, रक्तदाब चढलेला, पोटॅशियम तळाला. कॉन यांनी जुन्या सवयीनं तिच्या घामातलं सोडियम मोजलं. ते फारच कमी निघालं. उन्हात न राबता तिचा घाम अळणी होता! अधिवृक्क ग्रंथीवरची एक गाठ विनाकारण अल्डोस्टेरॉन ओतत होती. गाठ काढली आणि बाई बरी झाली. आज या आजाराला कॉन यांचं नाव आहे, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांत तो वाटतो त्याहून बराच जास्त सापडतो.

अँजिओटेन्सिन येतं कुठून, हे बघायला जाम नदीवर जावं लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड चालतात. हीच ती गोटमार. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. परंपरा म्हणून कुणी तिचं कितीही कौतुक करो, डोकं फुटलेल्या पोराला टाके घालणाऱ्या डॉक्टरला त्यात कौतुकाचं काही दिसत नसणार. पण त्या पोराच्या अंगात त्या वेळी जे चालतं ते मात्र विलक्षण असतं.

रक्त गेलं, दाब उतरला. मूत्रपिंडात शिरणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीतल्या काही पेशींना हे सगळ्यांत आधी कळतं. त्या रेनिन सोडतात. यकृतानं रक्तात एक मोठं प्रथिन आधीच सोडून ठेवलेलं असतं. रेनिन त्याचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापतं. तो तुकडा फुप्फुसांतून जाताना तिथलं विकर आणखी दोन अमिनो आम्लं छाटतं आणि उरतं आठांचं अँजिओटेन्सिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं, आणि मेंदूत जाऊन तहान जागवतं. जखमी माणूस पाणी पाणी करतो ते उगाच नाही. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, अधिवृक्क आणि मेंदू, सगळे एका कामाला लागलेले.

या साखळीचं पहिलं टोक 1898 मध्ये स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांना मिळालं: सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क टोचला की रक्तदाब चढतो. मधला भाग 1940 च्या सुमारास अर्जेंटिना आणि अमेरिकेत एकाच वेळी सापडला, आणि दोघांनी आपापलं नाव दिल्यामुळे पुढे अर्धं याचं अर्धं त्याचं घेऊन अँजिओटेन्सिन हा शब्द जुळवावा लागला. फुप्फुसातलं विकर अडवणारं औषध मिळालं ते ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावरून. त्यावर बेतलेली कॅप्टोप्रिल ही गोळी 1981 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. आज घरोघरी असलेल्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या तिच्याच बहिणी. टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या साखळीतला त्याच्या पुढचा टप्पा अडवतात.

पाण्याचा कारभार वेगळ्या संप्रेरकाकडे आहे, व्हॅसोप्रेसिनकडे. मेंदूच्या तळाशी काही चेतापेशी रक्ताची खारटता सतत मोजत असतात. ती एका टक्क्यानं वाढली तरी त्यांना पुरते. पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन सुटतं आणि मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांत पाण्याच्या वाहिन्या आवरणावर आणून बसवतं. या वाहिन्यांतून फक्त पाणी जातं, क्षार नाही. अशी वाहिनी असते हे पीटर अ‍ॅग्री यांनी 1992 मध्ये बेडकाच्या अंड्यांवर दाखवून दिलं. ती वाहिनी घातलेली अंडी साध्या पाण्यात ठेवताच फुगून फुटली. 2003 चं नोबेल त्यांना मिळालं. या एका संप्रेरकाच्या कमी-जास्त होण्यानं माणसाची दिवसाची लघवी अर्ध्या लिटरपासून पंधरा लिटरपर्यंत बदलू शकते.

उन्हाळ्यात आपल्याकडे लेकराला, बाईमाणसाला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात: लघवी थोडी, गडद पिवळी आणि जळजळणारी. बहुतेक वेळा ते व्हॅसोप्रेसिनचं काम असतं. त्यानं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत वाचवलेलं असतं. ताप आला किंवा दोन दिवस पाणी पिऊनही जळजळ राहिली तर मात्र तो जंतूंचा प्रकार असू शकतो, दवाखाना गाठावा. आणि उन्हात राबणाऱ्यानं नुसतं पाणी ढोसत राहू नये. मीठ घामातून गेलेलं असतं. वरून नुसतं पाणी घातलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, माणूस बरळायला लागतो. दुपारच्या भाकरीबरोबर मीठ घातलेलं ताक पिणाऱ्यांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं.

मीठ राखणारे निरोप असतात तसा मीठ सोड म्हणणाराही आहे, आणि तो चक्क हृदयातून येतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींत बारीक दाणे दिसतात हे सूक्ष्मदर्शकाखाली ठाऊक होतं, पण ते कशासाठी हे कळत नव्हतं. 1981 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडॉल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या त्या भागाचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला आणि त्याच्या लघवीतलं मीठ भराभर वाढलं. रक्त फार झालं, कप्पे ताणले गेले, की हृदय मूत्रपिंडाला कळवतं. तोपर्यंत हृदय म्हणजे नुसता पंप अशीच समजूत होती. कॅल्शियम आणि फॉस्फेटचा कारभार पॅराथायरॉइड ग्रंथींकडे आहे; त्या मानेत, थायरॉइडच्या मागे, तुरीच्या दाण्याएवढ्या. ती कहाणी स्वतंत्र लेखाची.

आणि संत्र्याचं झाड? त्यालाही क्षारांचं हेच गणित सोडवावं लागतं. आंबिया बहारासाठी शेतकरी थंडीत बागेचं पाणी तोडतो, बाग ताणावर सोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात. मग ताण तोडून पाणी दिलं की फुलं येतात. त्या कोरड्या आठवड्यांत झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. पानाच्या खालच्या बाजूला श्वासाची छिद्रं असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोन पेशी. अ‍ॅबसिसिक आम्लाचा निरोप आला की या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पाठोपाठ पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि छिद्र मिटतं. पाणी वाचतं. खाणाऱ्यात आणि झाडात क्षार एकच, पोटॅशियम. हे संप्रेरक सापडलं तेही आपल्या ओळखीच्या पिकात: कापसाची कच्ची बोंडं का गळतात याचा शोध घेताना, 1960 च्या दशकात, कॅलिफोर्नियात.

झाडांत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावाला. आपले पूर्वज लाखो वर्षं असंच खात आले, आणि आपलं मूत्रपिंडही त्या आहारावर घडलं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ वापरत नव्हते. 1970 च्या दशकात त्यांना तपासलं तेव्हा त्यांच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हतं आणि अल्डोस्टेरॉन भरपूर होतं. म्हातारपणीही त्यांचा रक्तदाब चढत नव्हता. आपल्या ताटातलं लोणचं, पापड, शेव-चिवडा मीठ राखायला शिकलेल्या यंत्रणेवर मिठाचाच मारा करतात.

ही सगळी यंत्रणा टिकते ती नळीच्या पेशी जिवंत आहेत तोवर. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच भागात ते फार क्रूरपणे दिसलं. छिंदवाड्याच्या परासिया भागातली, तशीच पांढुर्णा आणि बैतूलकडची मिळून वीसहून अधिक लेकरं खोकल्याच्या औषधानं दगावली. साधा ताप-खोकला, मग लघवी बंद, मग नागपूरला हलवणं. तामिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये दूषित ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन 14 रुग्ण दगावले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्यावर सविस्तर अहवालही दिला होता. शरीरात या विषाचं जे आम्ल बनतं, ते मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशींत साठून त्यांना मारतं. मग अल्डोस्टेरॉन येतं, व्हॅसोप्रेसिन येतं, हृदयाचा निरोपही येतो, पण ऐकायला पेशीच उरलेल्या नसतात. पोटॅशियम चढत राहतं. चाळीस वर्षांच्या अंतरानं तेच विष, आणि तेही औषधाच्या बाटलीतून. याला अपघात म्हणायला जीभ रेटत नाही.

मधुमेहानं किंवा जुन्या रक्तदाबानं नळ्या हळूहळू निकामी होतात तेव्हाही घडतं ते हेच, फक्त वर्षानुवर्षं आणि आवाज न करता. म्हणून शेवटी संत्र्याबद्दलच एक सांगणं. ज्यांची मूत्रपिंडं धड आहेत त्यांनी हंगामात खुशाल डझनभर खावीत. त्यांच्यासाठी हे फळ चांगलंच आहे. पण ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, जे डायलिसिसवर आहेत, किंवा ज्यांच्या गोळ्यांच्या पट्टीवर शेवटी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ असलेलं नाव किंवा स्पायरोनोलॅक्टोन लिहिलेलं आहे, त्यांच्या अंगात पोटॅशियम बाहेर टाकणारा निरोप तरी क्षीण झालेला असतो, नाही तर ऐकणारे कमी झालेले असतात. अशांनी मनानं गोळी बंद करू नये. त्या गोळ्याच मूत्रपिंड जपत असतात. त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरला दोन प्रश्न विचारावेत: माझं पोटॅशियम किती आहे, आणि मला दिवसाला किती संत्री चालतील? आणि रक्तदाबासाठी चांगलं म्हणून कुणी ‘लो सोडियम’ मिठाची पुडी हाती दिली, तर ती फोडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचावीत. त्यातलं काही मीठ काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं.